सागवानी पॅटर्न

बेळगावात क्रूझर म्हणजे
कडोलीच्या वाटेवरचं वडाप.
बारा सीट, अठरा माणसं, टपावर कोबीची पोती,
आणि दाराला लोंबकळून
पत्र्यावर थापा मारणारा पोरगा:
कडोली कडोली कडोली.

लुमाण्णा अष्टेकर त्यात चढताना दरवेळी हसायचा.
"पंधरा वर्षं क्रूझरवरच काढली की रे,
पण खिडकीशेजारची जागा काय मिळाली नाही."
तो बॉयलरखोलीत होता.
समुद्र त्यानं बहुतेक कानांनीच पाहिला,
पोलादाच्या पलीकडून.

पेन्शनीत यायचा उद्यमबागेत, माझ्या पॅटर्नशॉपला.
मी पंपाचा पंखा तासत असायचो सागवानात,
तो भुश्श्याच्या पोत्यावर बसून
बशीत चहा ओतायचा,
बशी कलती करायचा, सांडेपर्यंत न्यायचा.
"इतकं कललं की आम्ही भिंतीवरनं चालायचो, बग."

"त्याच्या आधी काय होतं?" मी एकदा विचारलं,
उगाच. हात रंध्यावर, जीव थकलेल्या बिलात.

"आधी गलबत. वल्ह्यावर माणसं, उथळ पोट.
खाडीत शिरायचं, थोरलं जहाज बाहेर
नुसतं गुरगुरत ऱ्हायचं.
मग गुराब. तोफा नाकाडावर,
म्हणजे आधी टोचायचं, ओळख मागनं.
तिकडं गोऱ्यांची फ्रिगेट.
मोठ्या लढाईच्या रांगेत तिला पाट नाही,
लांब एकटी धाडलेली. डोळा म्हणून.
मग वाफ आली.
पण डोलकाठ्या उतरवायला कुणाचा जीव होईना.
कित्येक वर्षं धुराडं आणि शीड एकाच घरात,
सासू-सुनेसारखी,
एकमेकींवर काजळी उडवत."

हे त्याला कुणी शिकवलं?
जहाजावर एक पुस्तक होतं म्हणे, मुखपृष्ठ गेलेलं,
रात्रपाळीत लाल दिव्याखाली
अक्षर लावून लावून वाचलेलं.

प्लायवूडच्या तुकड्यावर त्यानं पेन्सिलीनं
एक पोट काढलं, आडवं कापलेलं.
"चिलखत भिंतीला नको, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं.
आत घालायचं, यंत्रांच्या वर,
भाकऱ्यांवर परात पालथी घालतात तसं.
वरची लाकडं उडू देत. खालची धग ऱ्हायली पायजे.
पुढं कोळसा गेला, तेल आलं.
फावडं गेलं. माझ्या हातात आला व्हॉल्व्ह."

मग बराच वेळ गप्प. शेजारच्या शेडमधून
ओताचा तांबडा उजेड.

"थोरल्यापासनं पळता आलं पायजे,
धाकट्याला गाठता आलं पायजे.
दोन्ही पायजे तर वजन उतरव.
वेग हवा तर कातडी पातळ.
फुकट काय नसतंय, लेका."

मी त्याला माझी पट्टी दाखवली.
हिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा
केसभर मोठा असतो.
बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच जास्त धरायचं.
त्यानं पट्टी उलटी केली, सुलटी केली,
तिच्यावर बोट फिरवत राहिला.
"म्हंजे आमच्या बोटीवरचा एकेक व्हॉल्व्ह
आधी कुठंतरी लाकडाचा होता?"
"होय की."
"मग गलबत गेलं कुठं, बा?"

मला उत्तर आलं नाही.
जाताना म्हणाला, वीतभर जहाज करून ठेव,
खानापूरच्या सागाचं. भेगाळलेलं नको.
आणि थोडं मोठं धर. मी तरी
किती दिवस हाय असाच.

मार्गशीर्षात तो गेला.
जहाज फळीवर आहे, दोन फ्लँजांच्या मधे,
पिवळा रंग मारलेलं, नंबर नसलेलं.
गिऱ्हाईक विचारतं, हे कुठल्या पंपाचं?

परवा स्टँडवर गेलो होतो.
पोरगा पत्रा बडवत होता, जागा आहे, जागा आहे,
आत पाहिलं तर खिडकीशेजारी
कुणाची तरी कोबी बसली होती.
मी पोतं मांडीवर घेतलं.